रिकाम्या जागा भरा

शाळेत असताना मराठीच्या पेपरातला एकच प्रश्न मला मनापासून आवडायचा : 'रिकाम्या जागा भरा.' निबंधाला कल्पनाशक्ती लागायची, व्याकरणाला अक्कल लागायची आणि रसग्रहणाला ही दोन्ही नसताना ती असल्याचा आव लागायचा. रिकाम्या जागेचे तसे नव्हते. जागा समोर दिसायची, कंसात चार शब्द आयते दिलेले असायचे. बसेल तो बसवायचा, नाही बसला तर दुसरा बसवून पाहायचा. पाच मार्क. पुढे मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि गेली वीस वर्षे लोकांच्या फॉर्मवरच्या रिकाम्या जागा भरतो आहे. तेव्हा या विषयावर दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असे माझे मत आहे. आमच्या सौ.चे मत वेगळे आहे, पण तिची मते इथे घ्यायला लागलो तर मलाच जागा उरायची नाही.

आमची शाखा यवतमाळात आहे. शाखेसमोर, रस्ता ओलांडला की, एक आवार लागते. ते कोणत्या खात्याचे हे सांगत नाही, कारण त्या खात्याचे खाते आमच्याकडेच आहे आणि मार्चअखेर जवळ आली की आमचे मॅनेजरसाहेब त्या खात्याच्या साहेबांना स्वतः उठून चहा पाजतात. तर आवाराला भिंत आहे, भिंतीला फाटक आहे, फाटकाला कुलूप आहे आणि कुलपाला गंज आहे. आत एक जुना कडुनिंब, त्याच्या सावलीत पत्र्याची लांबलचक शेड, एक हापशी आणि मधोमध कोनशिला. अकरा वर्षांपूर्वी इथे शॉपिंग कॉम्प्लेक्सचे भूमिपूजन झाले. मला बुंदीचा लाडू मिळाला होता म्हणून पक्के लक्षात आहे. कोनशिलेवर सात नावे आहेत. त्यातले एक देवाघरी गेले, दोन दुसऱ्या पक्षात गेले, एक दुसऱ्या पक्षात जाऊन परत आले. कोनशिला तेवढी जागेला चिकटून आहे. कॉम्प्लेक्स 'प्रस्तावित' आहे. लग्न ठरले आहे पण मुलगा अजून जन्माला यायचा आहे, अशा अवस्थेला सरकारी भाषेत प्रस्तावित म्हणतात.

भिंतीच्या आत अशी एकर-दीड एकर रिकामी जागा, आणि भिंतीच्या बाहेर पाय ठेवायला जागा नाही. फाटकाला पाठ लावून सातआठ बाया भाजी घेऊन बसतात. पलीकडे फुलवाला, अलीकडे चाव्या करून देणारा, मध्ये ऑटोंची रांग. या बायांत एक मावशी आहे. जवळच्या खेड्यावरून सकाळच्या पहिल्या ऑटोने येते. आमच्या स्टाफची भाजी तिच्याकडूनच जाते. मेथी निवडून देत नाही, पण भाव बरोबर लावते.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. वेळ दुपारी अडीचची. आमच्याकडचा मे ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून उपयोग नाही आणि ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायची गरज नाही. पारा चव्वेचाळीसच्या वर, डांबर चपलेला चिकटत होते आणि काउंटरवर फक्त मी आणि पंखा होतो. एकदम बाहेर गलका झाला. मावशी बसल्या जागी कलंडली होती. शिपायाने आणि मी तिला उचलून आत आणले. शाखेतला एसी त्या दिवशी योगायोगाने चालू होता. बाकड्यावर निजवले, मीठसाखरेचे पाणी पाजले, कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. कांदाही तिच्याच पाटीतला होता. मग ऑटोत घालून दवाखान्यात नेले. सलाइन लागली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आले नसते.

चौथ्या दिवशी मावशी परत फाटकाशी हजर. मी रागावलो. म्हटले, "मावशी, चार दिवस घरी बसायला काय झालं?"

"घरी बसून कसं भागन जी साहेब? हप्ता हाय ना. तुमच्याच बँकेचा."

वाचकहो, तो हप्ता माझ्याच टेबलावरून गेलेला होता. 2020 साली पीएम स्वनिधी योजना आली, तेव्हा फेरीवाल्यांना पहिल्या खेपेला दहा हजार रुपये बिनतारण मिळत होते. मावशीने ते वेळेवर फेडले, मग वीस हजार घेतले. फॉर्म मीच भरला. त्यात 'व्यवसायाचे ठिकाण' या रकान्यात मी 'फाटकाजवळ' असे लिहिले होते, आणि ते मंजूरही झाले होते! अकरावीला आम्हाला उत्पादनाचे चार घटक शिकवले : भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन. श्रम मावशीचे, संयोजन मावशीचे, भांडवल बँकेने दिले. राहता राहिली भूमी. ती तिच्या पाठीमागे, तीन फुटांवर, कुलपात होती. सावलीसकट.

"आत सावली हाय, हापशी हाय," मावशी म्हणाली, "पण कुलूप हाय ना जी."

त्या दिवसापासून मी या विषयाचा पिच्छा पुरवायचे ठरवले. सौ. म्हणाली, "तुम्हाला गच्चीची टाकी साफ करायला तीन वर्षं झाली, तुम्ही काय शहर साफ करणार?" पण मी शहर साफ करायला निघालो नव्हतो. माझे म्हणणे फार साधे आहे. कॉम्प्लेक्स बांधायचे तेव्हा खुशाल बांधा. चार मजली बांधा, सरकता जिना लावा, आम्ही उद्घाटनालाही येऊ. पण ते बांधीपर्यंत त्या जागेने काय करायचे? उपास?

आम्हा बँकवाल्यांना पडून राहिलेली वस्तू पाहवत नाही. हा आमचा व्यवसायजन्य रोग आहे. संध्याकाळी हिशेब मिटल्यावर एखाद्या बँकेपाशी जादा पैसे उरले तर ते ती तिजोरीत निजवत नाही. दुसऱ्या बँकेला एका रात्रीपुरते उसने देते. त्याला कॉल मनी म्हणतात. रात्रभर पैसा दुसऱ्याच्या घरी कामाला जातो आणि सकाळी व्याज घेऊन परत येतो. एका रात्रीची ही काळजी, आणि इथे अकरा वर्षे जमीन निजून आहे!

आणि पडून राहिलेल्या पैशाचे नियम पाहा. दोन वर्षे खात्यात खातेदाराने काही हालचाल केली नाही की खाते निष्क्रिय. दहा वर्षे पडून राहिले की रक्कम जाते रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत, ही व्यवस्था 2014 पासून आहे. म्हणजे मालकाचे पैसे बुडाले का? मुळीच नाही. मालक किंवा त्याचा वारस कागद घेऊन आला की रक्कम परत. मालकी जिथल्या तिथे राहते, फक्त तोवर पैसा निजत नाही. हाच नियम जमिनीला लावायला काय हरकत आहे? विकास आराखड्यात खाजगी माणसाच्या जागेवर आरक्षण टाकले आणि दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर 1966च्या नगररचना कायद्याप्रमाणे तो नोटीस देऊ शकतो आणि मग मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण गळून पडते. पण सरकारची स्वतःचीच जागा स्वतःच्याच प्रस्तावासाठी पडून असली तर नोटीस कुणी कुणाला द्यायची?

मी हे सगळे आमच्या कट्ट्यावर मांडले. कट्टा म्हणजे दत्त चौकाजवळचे चहाचे दुकान. तिथे निवृत्त मंडळी जास्त असल्यामुळे प्रशासनाचा अनुभव भरपूर. एका निवृत्त साहेबांनी बशीतला चहा फुरकून निकाल दिला : "एकदा आत बसवले की उठत नाहीत. तात्पुरते म्हणून देता, मग सातबाऱ्यावर नाव लावायला येतात."

हा मुद्दा खोटा नाही. आपल्याकडे तात्पुरत्याइतके टिकाऊ काहीच नसते. आमच्या शाखेतला झाडूवाला अठरा वर्षे तात्पुरता आहे. आमच्या कॉलनीच्या नाल्यावरचा तात्पुरता पूल माझ्या मुलापेक्षा वयाने मोठा आहे. पण गंमत अशी की हे सगळे तात्पुरतेपण सरकारी आणि निमसरकारी आहे. सामान्य माणूस मात्र तात्पुरता बसला की तात्पुरता उठतो. पुरावा हवा असेल तर अश्विन महिन्यात यवतमाळला या. आमचा दुर्गोत्सव बघायला लांबून लांबून लोक येतात. चौकाचौकात महाल उभे राहतात, मंदिरे उभी राहतात, गुहा खोदल्या जातात, त्यात पाणी सोडले जाते. नऊ दिवस माणसांचा पूर असतो. आणि विसर्जनानंतर चार दिवसांनी जाऊन पाहा, बांबूच्या खड्ड्यांशिवाय काही दिसत नाही. अजून एकाही मंडळाने चौकाच्या सातबाऱ्यावर देवीचे नाव लावलेले नाही. पोळ्याला ज्या मैदानात तोरणाखाली बैल उभे राहतात, तिथेच दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल घेऊन येतात, आणि तिसऱ्या दिवशी मैदान मोकळे. उन्हाळ्यात रसवंत्या लागतात, घुंगरू वाजते, आणि पहिला पाऊस पडला की चरक, घुंगरू, बाकडी सगळे बैलबंडीत घालून माणूस गेला. आठवडी बाजार तर शेकडो वर्षे सकाळी वसतो आणि रात्री उठतो. 1973 साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली इथे साहित्य संमेलन झाले, 2019 साली अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या तेव्हा पुन्हा झाले. साहित्यिकांसारखी बोलायला बसली की न उठणारी जमातसुद्धा तिसऱ्या दिवशी मांडव सोडून गेली, तर भाजीवाल्या बायांनी काय पाप केले आहे?

कायद्याचीही अडचण नाही. 1882चा सुविधाधिकार कायदा काढा. त्यात परवाना म्हणजे काय ते लिहिले आहे : जागा वापरायची मुभा, जागेत हक्क नाही. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा कागद पुण्या-मुंबईचा घरमालक डोळे मिटून करतो. तेवढाच कागद सरकारने मावशीशी करायचा. 2014 साली फेरीवाल्यांसाठी कायदा झाला, त्यात शहराशहरात पथविक्रेता समिती आणि विक्रीची क्षेत्रे ठरवायला सांगितले आहे. क्षेत्र ठरवायला जागा सापडत नाही म्हणतात. फाटकाच्या फटीतून एकदा आत डोकावा की!

माझा एक भाचा आर्किटेक्ट आहे. त्याला मी हे फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "मामा, याला जर्मनीत त्स्विशेननुत्सुंग म्हणतात." मी म्हटले, "बाळा, इथे 'वापर' म्हटले तरी साहेब घाबरतात, हा शब्द ऐकून त्यांना सलाइन लावावी लागेल." पण त्याने सांगितलेल्या गोष्टी ऐकण्यासारख्या होत्या. पॅरिसला एक जुने हॉस्पिटल बंद पडले. त्या जागी नवी वसाहत व्हायची होती, पण काम सुरू व्हायला वेळ होता. तेवढ्या अवधीत, 2015 ते 2020, तिथे बेघरांना निवारा दिला, कारागिरांना खोल्या दिल्या, अंगणात लोक येऊन बसू लागले. मुदत संपली, मंडळी निघाली, बांधकाम सुरू झाले. साहेबांच्या भीतीला हे उत्तर आहे. पण मी बँकेतला माणूस, नावे आणि जमा दोन्ही बाजू लिहिणारा. दुसरी बाजू बर्लिनची. तिथला टेम्पेलहोफ विमानतळ 2008 साली बंद झाला, 2010 साली लोकांना फिरायला खुला झाला, आणि सरकारने कडेला घरे बांधायचे काढले तेव्हा 2014 साली लोकांनी मतदान करून सांगितले, आम्हाला हे असेच पाहिजे. म्हणजे बसले ते उठले नाहीत! साहेबांचे खरे झाले. पण मला सांगा, एखाद्या जागेचा वापर लोकांना इतका आवडला की मत देऊन त्यांनी तो राखला, तर फसला कोण? वापर की प्रस्ताव?

याहून वाईट गोष्ट भाच्याने शेवटी सांगितली. काही ठिकाणी बिल्डर लोकच आता हे करतात. पडक्या जागेत चित्रकार बसवायचे, भिंती रंगवायच्या, कॉफी विकायची. वस्तीचे नाव झाले, भाव चढला की चित्रकारांना नमस्कार. हे ऐकून मात्र मी सावध झालो. उद्या आमच्या आवारात 'फूड प्लाझा' काढतील, कडुनिंबाला दिव्यांच्या माळा लावतील आणि मावशीला तिथल्या बाकांवर बसलेल्यांना भाजी नव्हे, भाजीचे सूप विकायला सांगतील. म्हणून माझी अट अशी की फाटकाबाहेर जो आधीपासून बसला आहे तो आधी आत जाईल. रांगेचा नियम. बँकेत टोकन नंबर एक सोडून नंबर पन्नासला बोलावले तर लोक काच फोडतात.

मुंबईत हा नियम पाळला नाही. 18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे एकेक गिरणी थंड होत गेली. गिरण्यांच्या जमिनी वर्षानुवर्षे पडून राहिल्या. 1991च्या नियमात ठरले होते की साधारण एक तृतीयांश जागा मोकळी, एक तृतीयांश घरांसाठी आणि उरलेली मालकाला. 2001 साली नियम बदलला, वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या तुकड्याची करायची असे झाले आणि लोकांच्या वाट्याला हातरुमाल आला. त्या मधल्या वर्षांत तात्पुरता वापर झाला तो कुणाचा? कुलाब्याची मुकेश मिल घ्या. ती पडकी गिरणी सिनेमावाल्यांना शूटिंगला मिळायची. मारामाऱ्या आणि भुते यांना तिथे आरामात जागा होती. गिरणीत ज्याने हयात काढली त्याला नव्हती. त्याच मुंबईत माटुंग्याच्या लोकांनी पुलाखालची जागा गर्दुल्ले आणि पार्किंगच्या तावडीतून सोडवून 2016 साली तिथे बाग करून घेतली. वर गाड्या, खाली म्हातारी माणसे पाय मोकळे करताहेत. म्हणजे मनात आणले तर जमते.

आणि आमची शकुंतला! यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटरची ती छोटी गाडी. ब्रिटिश कंपनीने आमचा कापूस वाहून न्यायला रूळ टाकले, देश स्वतंत्र झाला तरी रूळ कंपनीचेच राहिले. मँचेस्टरला 1921 साली घडवलेले वाफेचे इंजिन 1994पर्यंत तिला ओढत होते. मग डिझेल आले, मग काही वर्षांपूर्वी गाडीच थांबली. आता ब्रॉडगेज होणार आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गापैकी वर्धा ते कळंब हा तुकडा 2024 साली सुरूही झाला. चांगलेच आहे. पण कालिदासाच्या शकुंतलेला निदान कण्वाचा आश्रम होता, आमचीचे आवार दुष्यंताला अंगठी सापडेपर्यंत गाजरगवतात उभे आहे. एवढ्या सावलीत स्पर्धा परीक्षेची किती पोरे अभ्यासाला बसली असती! ती पोरे आज एकेका खोलीत चौघे चौघे, पालथे पडून अभ्यास करतात.

तर मी अर्ज केला. साध्या कागदावर, मार्जिन सोडून. 'सदर आवारातील शेड प्रस्तावित बांधकाम सुरू होईपर्यंत अकरा महिन्यांच्या परवान्यावर भाजीविक्रेत्यांना सावलीसाठी देण्यात यावी. काम सुरू झाल्याच्या दिवशी जागा खाली करून देण्याची हमी विक्रेते लेखी देतील.' खाली आठ अंगठे आणि तीन सह्या. मावशीने सही केली, अंगठा लावा म्हटले तर म्हणाली, "आता शिकली ना जी मी, बँकेतच तर शिकली."

पाच महिन्यांनी उत्तर आले : 'सदर जागा प्रस्तावित प्रकल्पासाठी राखीव असल्याने ती रिक्त आहे असे म्हणता येत नाही.'

मी उत्तर घेऊन चौकीदाराकडे गेलो. चौकीदार आमचा खातेदार. त्याने फाटक किलकिले करून मला आत घेतले. आणि काय सांगू, साहेबांचे खरे होते. जागा रिकामी नव्हतीच! शेडच्या एका टोकाला एका मंडप डेकोरेटरच्या खुर्च्यांची थप्पी होती. दुसऱ्या टोकाला बदली होऊन गेलेल्या कोण्या साहेबांचा सोफासेट. मधे दोन जीप, चाकाविना. कडुनिंबाला चौकीदाराच्या शेळ्या बांधलेल्या. शेळ्या सावलीत निवांत रवंथ करत होत्या.

"यांचा परवाना?" मी विचारले.

"काहून जी मस्करी करता?" चौकीदार म्हणाला. "हे काय कायमचं थोडी हाय? तात्पुरतं हाय सारं."

परत आल्यावर स्टाफने वर्गणी काढली आणि मावशीला एक मोठी छत्री घेऊन दिली, बागेत लावतात तसली, लाल-पिवळी. फाटकाशी एक लोखंडी नळी रोवून तिच्यात ती बसवली. छत्री सकाळी उघडते, संध्याकाळी सहाला मिटते, नळीसकट चाव्यावाल्याच्या पेटीत जाते. आठव्या दिवशी एक कर्मचारी येऊन सांगून गेला की ही छत्री अतिक्रमणात येते, मात्र ती तात्पुरती असल्यास विहित नमुन्यात अर्ज करावा. नमुना त्याच्याकडेच होता, दहा रुपये पडले.

तो नमुना आता माझ्या टेबलावर आहे. पहिला रकाना : 'जागेचा सध्याचा वापर.' दुसरा : 'जागेचे मालक.' तिसरा : 'तात्पुरता वापर किती काळ करणार.' मी पेनाचे टोपण काढून बसलो आहे. मावशी काउंटरच्या काचेतून हप्त्याचे पैसे सरकवून, पाटी डोक्यावर घेत म्हणते, "भरा ना जी साहेब. तुमाले तर येते लिव्हता."